वाचकांचे प्रश्न : वर्गाचा ग्रुप आणि फोन नसलेले घर

या अंकासाठी मराठवाड्यातून आलेल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा दिसला : व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, यूट्यूब, विकिपीडिया यांचा वर्गासाठी वापर करावा का, आणि करायचा तर कसा. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत सातवीला शिकवते. पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला असून रोजचा अभ्यास त्यावर पाठवते. निम्म्या घरांतून काहीच प्रतिसाद नसतो. दिवाळीच्या सुमारास तर बरीच मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीसाठी साखर कारखान्यावर जातात. ग्रुप चालू ठेवावा की बंद करावा? (एक शिक्षिका, बीड जिल्हा)

उत्तर : ग्रुप चालू ठेवावा, मात्र अभ्यास ग्रुपवर देणे थांबवावे. अभ्यास वर्गातच फळ्यावर लिहून द्यावा, मुलांनी तो वहीत उतरवून घ्यावा आणि ग्रुपवर केवळ त्याची आठवण जावी. अभ्यास फक्त ग्रुपवर दिला, की ज्या घरी फोन नाही, ज्या घरचा रिचार्ज संपला आहे किंवा ज्या घरचा एकुलता फोन वडिलांच्या खिशात दिवसभर शेतावर असतो, त्या घरचे मूल दुसऱ्या दिवशी काही चूक नसताना अभ्यास न करणारे ठरते. घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हाती येणे या आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून एका वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे तीन रकाने आखावेत : फोन कोणाचा आहे, तो घरी किती वाजता येतो आणि आलेला मजकूर वाचून दाखवणारे घरात कोणी आहे का. ही माहिती पालकसभेत किंवा घरभेटीत सहज मिळते, आणि ती हाती आली की प्रतिसाद न देणाऱ्या निम्म्या घरांबद्दलचे आपले मत बहुधा बदलेल.

ज्या घरात वाचणारे कोणी नाही, तेथे लांब मजकूर किंवा पीडीएफ पाठवून उपयोग नसतो. त्याऐवजी आपल्या आवाजात मिनिटभराचा निरोप पाठवावा. तो ऐकायला अक्षरओळख लागत नाही आणि व्हिडिओच्या तुलनेत डेटाही फार कमी लागतो. ग्रुपच्या सेटिंगमध्ये संदेश फक्त ॲडमिनने पाठवावा अशी सोय आहे, ती चालू करावी. शुभ सकाळच्या चित्रांच्या आणि निवडणुकीच्या प्रचाराच्या गर्दीत शाळेचा निरोप मग हरवत नाही. आणखी एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सर्वांना दिसतो. गावात एखाद्या आईला तिचा नंबर साठ घरांत जाणे नको असेल, तर तिचे म्हणणे रास्त आहे. व्हॉट्सॲपमधील कम्युनिटीच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, त्यामुळे शाळेसाठी तो प्रकार अधिक बरा.

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचा प्रश्न याहून फार मोठा आहे आणि तो फोनने सुटणार नाही, हे आधी स्पष्ट लिहिले पाहिजे. मूल आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहून गावातच शिकावे, यासाठी टोळ्या निघताना धावपळ करून भागत नाही. मजूर जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, वाटू लागतो तेव्हापासूनच पालकांशी बोलणे सुरू करावे लागते. जे मूल जाणारच असेल, त्याला शिक्षण हमी कार्ड देऊन कारखान्याच्या परिसरातील शाळेत बसवता यावे, यासाठी मुख्याध्यापकांनी केंद्रप्रमुखांमार्फत पाठपुरावा करावा.

एवढे करूनही काही मुले कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीतच राहतात, आणि त्यांच्यासाठी आपला ग्रुप खऱ्या अर्थाने कामाचा आहे. कोपीत बहुधा वीज नसते, फोन चार्ज करायला एखादी टपरी गाठावी लागते, आईवडील फडावरून परततात तोवर अंधार पडलेला असतो आणि सातवीतली मुलगी धाकट्या भावंडाला मांडीवर घेऊन चुलीपुढे बसलेली असते. अशा मुलीला रोजचा अभ्यास पाठवणे म्हणजे तिच्यावर आणखी एक ओझे टाकणे होय. आठवड्यातला एक वार ठरवावा. पाठ्यपुस्तकातील एका पानाचे वाचन आणि त्यावरचे दोन प्रश्न आपल्या आवाजात पाठवावेत, आणि तिने तेच पान वाचून आपल्या आवाजात परत पाठवावे. पुस्तके तिच्या पिशवीत गेली आहेत ना, हे निघण्यापूर्वीच पाहावे. ती वाचताना कोठे अडखळली, हे लिहून ठेवल्यास मार्च-एप्रिलमध्ये ती परत आल्यावर कोठून सुरुवात करायची, हे आपल्याला आधीच ठाऊक असेल. हा सारा व्यवहार पालकांच्याच फोनवरून आणि त्या मुलांच्या वेगळ्या छोट्या ग्रुपमध्ये करावा आणि त्यात मुख्याध्यापकांनाही घ्यावे. त्याचे कारण तिसऱ्या उत्तरात आले आहे.

प्रश्न : माझी मुलगी पाचवीत आहे. सर अभ्यासासाठी यूट्यूबच्या लिंका पाठवतात. मुलगी पाच मिनिटे धडा पाहते आणि पुढे तासभर भलतेच पाहत बसते. फोन काढून घेतला तर अभ्यास राहतो. काय करावे? (एक पालक, जालना)

उत्तर : सरांना भेटावे आणि लिंक पाठवण्याऐवजी तो व्हिडिओ वर्गात सर्वांना एकत्र दाखवावा, अशी विनंती करावी. पाचवीच्या मुलीने यूट्यूब उघडल्यावर स्वतःला आवरावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू व्हावा, अशीच तेथील रचना असते. प्रथम संस्थेच्या ‘असर’ २०२४ या ग्रामीण भारताच्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी मुले ७६ टक्के होती. मोठ्या मुलांची ही स्थिती असेल, तर दहा वर्षांच्या मुलीला दोष देऊ नये. घरी पाहणे अगदीच आवश्यक असेल, तर सरांनी व्हिडिओचा नेमका कोणता भाग पाहायचा ते कळवावे आणि तेवढा वेळ आपण शेजारी बसावे.

प्रश्न : मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. विद्यार्थी इन्स्टाग्रामवर मला फॉलो करतात आणि रात्री उशिरापर्यंत शंका विचारतात. मीही उत्तरे देतो. काही सहकाऱ्यांना हे आवडत नाही. यात गैर काय आहे? (एक शिक्षक, लातूर)

उत्तर : आपल्या हेतूबद्दल शंका नाही, तरीही ही पद्धत बंद करावी असेच माझे मत आहे. इन्स्टाग्रामची किमान वयाची अट १३ वर्षांची आहे आणि आपले विद्यार्थी त्याहून मोठे आहेत, हे खरे. प्रश्न वयाच्या अटीचा नसून, शिक्षक आणि अल्पवयीन विद्यार्थी यांच्यात तिसऱ्या कोणालाही न दिसणारे बोलणे असावे का, याचा आहे. शाळेत आपण एखाद्या विद्यार्थिनीला शंका समजावून सांगतो, तेव्हा वर्गाचे दार उघडे असते आणि व्हरांड्यातून जाणाऱ्या कोणालाही आत दिसते. रात्री अकरा वाजताच्या खासगी संदेशाला असे दार नसते. शंभर शिक्षक सज्जन असले, तरी मुलांना आपण सवय लावत असतो ती मोठ्या माणसाशी एकट्याने, रात्री, घरच्यांच्या नकळत बोलण्याची, आणि उद्या त्याच सवयीचा फायदा घेणारा माणूस सज्जन असेलच असे नाही. शिवाय जी मुले बुजरी आहेत किंवा ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही, त्यांच्या शंका तशाच राहतात. लातुरात दहावी-बारावीच्या गुणांचा ताण काय असतो, हे आपण जाणताच; रात्री बारापर्यंत सर जागे असतात, म्हणून मुलेही जागी राहतात.

शंकांसाठी वर्गाचा एक ग्रुप करावा, त्यात दुसरे एक शिक्षक असावेत आणि एखादी शिक्षिका असल्यास उत्तम. आपोआप नाहीसे होणाऱ्या संदेशांची सोय त्यात बंद ठेवावी. उत्तरांची वेळ संध्याकाळी सात ते आठ अशी ठरवून सर्वांना सांगावी. शंका वहीत उतरवलेल्या प्रश्नाच्या छायाचित्रासह विचारावी, म्हणजे एकाला दिलेले उत्तर चाळीस जणांच्या कामी येते. इन्स्टाग्रामवर विद्यार्थ्यांची विनंती स्वीकारू नये. ‘दहावी झाल्यावर पाहू’ असे हसत सांगितले तर मुले दुखावत नाहीत.

एक अपवाद मात्र नीट ध्यानात ठेवावा. एखाद्या मुलाने रात्री खासगीत काही गंभीर लिहिले, घरातील मारहाणीबद्दल, कोणी केलेल्या छळाबद्दल किंवा जगणे नकोसे झाल्याबद्दल, तर ‘ग्रुपवर लिही’ असे म्हणून त्याला परतवू नये. त्याला त्याच क्षणी उत्तर द्यावे, संदेश जपून ठेवावेत आणि मुख्याध्यापकांना लगेच कळवावे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. लैंगिक अत्याचाराची शंका असेल, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यातील कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे हे शिक्षकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. शाळेची बदनामी होईल म्हणून ते टाळता येत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेचे फेसबुक पान आहे. उपक्रमांची छायाचित्रे टाकल्यामुळे लोकवर्गणी मिळाली. आता एका पालकांनी मुलीचे छायाचित्र काढून टाकण्यास सांगितले आहे. वरिष्ठही रोज छायाचित्रे मागतात. नेमका नियम काय? (एक मुख्याध्यापक, परभणी जिल्हा)

उत्तर : छायाचित्र आजच काढावे आणि काढल्याचे त्या पालकांना कळवावे. त्यांनी कारण सांगण्याची गरज नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षे पूर्ण न झालेल्या प्रत्येकाला मूल मानले असून, मुलांच्या वैयक्तिक माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हा त्याचा पाया आहे. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, परंतु शाळेने त्यासाठी थांबू नये. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी साध्या मराठीत एक पानाचा संमतीचा नमुना भरून घ्यावा. त्यात शाळेच्या नोंदीसाठी, वरिष्ठांना पाठवण्यासाठी आणि समाजमाध्यमांवर टाकण्यासाठी अशा तीन संमती वेगवेगळ्या असाव्यात. तिसरी संमती न देणाऱ्या पालकांच्या मुलांना सांघिक छायाचित्राच्या वेळी सर्वांदेखत बाजूला काढू नये. त्या दिवशी छायाचित्रच दुसऱ्या बाजूने घ्यावे.

शाळेचे काम दाखवायला मुलांचे चेहरे लागत नाहीत. मातीच्या किल्ल्यावर टेकलेले हात, फळ्यावरची मुलांनी काढलेली आकृती, परसबागेतली मेथी, पाठमोरी बसलेली वाचनाची रांग यांतून शाळा पुरेशी दिसते. चेहरा, गणवेशावरील शाळेचे नाव, मुलाचे पूर्ण नाव आणि गाव हे सारे एकाच ठिकाणी दिले, तर अनोळखी माणसाला त्या मुलाचा पत्ताच मिळतो. छायाचित्रावर ठिकाण आणि वेळ उमटवणारी ॲप हजेरीच्या आणि पोषण आहाराच्या नोंदीसाठी वापरली जातात. ती छायाचित्रे जशीच्या तशी फेसबुकवर जाऊ नयेत.

ज्या प्रकारची छायाचित्रे मला सर्वांत जास्त खटकतात, त्यांबद्दलही लिहितो. बूट, स्वेटर किंवा दप्तर वाटपाच्या कार्यक्रमात देणारे मध्यभागी उभे असतात आणि घेणारे मूल वस्तू छातीशी धरून कॅमेऱ्याकडे पाहत असते. ते छायाचित्र गावातील सर्वांच्या फोनवर जाते आणि मुलाच्या वर्गमित्रांच्याही. लोकवर्गणी देणाऱ्यांचे आभार अवश्य मानावेत, त्यांचे छायाचित्रही टाकावे, पण गरजू मूल त्या चौकटीत नसावे. वरिष्ठांनी मागितलेली छायाचित्रे कार्यालयीन मार्गाने, ज्यांना ती लागतात त्यांनाच पाठवावीत. दोनशे सदस्यांच्या ग्रुपवर ती टाकणे हा अहवाल नव्हे.

प्रश्न : आठवीच्या मुलांकडून आमच्या भागातील १९९३ च्या भूकंपावर प्रकल्प करून तो विकिपीडियावर टाकावा, असा विचार आहे. आजीआजोबांच्या आठवणी मुले गोळा करतील. हे योग्य होईल का? (एक शिक्षक, धाराशिव जिल्हा)

उत्तर : प्रकल्प फार मोलाचा आहे, मात्र त्याचे दोन भाग करावे लागतील, कारण आजीची आठवण विकिपीडियावर चालत नाही. तेथे प्रत्येक विधानाला आधी प्रसिद्ध झालेला आणि कोणालाही तपासता येणारा आधार लागतो. स्वतः गोळा केलेली नवी माहिती तेथे स्वीकारली जात नाही. मुलांना सुरुवातीला हे विचित्र वाटेल. आजीने डोळ्यांनी पाहिलेले खोटे कसे, असे ती विचारतील. ते खोटे नाही, त्याची जागा वेगळी आहे, हे समजावून सांगण्यातच इतिहासाच्या साधनांचा अर्धा धडा होतो.

पहिला भाग विकिपीडियाचा. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजायच्या सुमारास, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, हा भूकंप झाला आणि किल्लारी-सास्तूर परिसरातील औसा व उमरगा तालुक्यांतील गावे उद्ध्वस्त झाली, एवढे मुलांनी घरी ऐकलेले असते. मृतांची संख्या शोधायला सांगितली, की एका ठिकाणी ७,९२८ तर दुसऱ्या ठिकाणी ९,७४८ असे आकडे सापडतील. कोणता आकडा कोणी दिला, केव्हा दिला, दोन्ही कसे लिहायचे, यावर पूर्ण तासिका खर्च करावी. वेबवर दिसले म्हणजे खरे, ही समजूत त्या एका तासात जितकी हलते, तितकी भाषणांनी हलत नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे, पण आपल्या गावांवरचे त्यातील अनेक लेख आजही दोन-तीन ओळींचेच आहेत, त्यामुळे मुलांनी भर घालण्यास जागा पुष्कळ आहे. कच्चा मजकूर आधी ‘धूळपाटी’वर, म्हणजे तेथील सरावाच्या पानावर लिहावा. पाठ्यपुस्तकातील किंवा वर्तमानपत्रातील वाक्ये जशीच्या तशी उतरवू नयेत. मुलांची खरी नावे सदस्यनाव म्हणून वापरू नयेत. एखाद्या जाणत्या सदस्याने मजकूर उडवला, तर रागावण्याऐवजी लेखाच्या चर्चापानावर कारण विचारायला मुलांना शिकवावे.

दुसरा भाग आठवणींचा, आणि तो माझ्या दृष्टीने अधिक जपून करण्याचा आहे. ज्या घरातून माणसे गेली, तेथे मुलांनी ‘त्या रात्री काय झाले’ या प्रश्नाने सुरुवात करू नये. घराबद्दल विचारावे : भिंती कशाच्या होत्या, माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, किती जाड होते, धान्य कोठे ठेवलेले असे, त्या रात्री कोण कोठे झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळल्यानेच एवढे बळी गेले, हे भूगोलाच्या पुस्तकापेक्षा या उत्तरांतून मुलांना नीट कळते. सांगणारे माणूस गप्प झाले, तर रेकॉर्डिंग थांबवावे आणि पुन्हा विचारू नये. ही ध्वनिमुद्रणे यूट्यूबवर किंवा फेसबुकवर टाकू नयेत. सांगणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि ‘शाळेत जपून ठेवावे, वर्गात ऐकवावे’ एवढीच लेखी परवानगी घेऊन ती शाळेच्या संगणकावर आणि एका वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावीत. ज्यांना तो भूकंप जाणतेपणी आठवतो, ती माणसे आता चाळिशीच्या पुढची आहेत, आणि त्या वेळी घरची कर्ती असलेली माणसे ऐंशीकडे आली आहेत. म्हणून हा भाग पुढच्या वर्षावर ढकलू नये.

प्रश्न : लोकवर्गणीतून दोन संगणक आणि मोठा टीव्ही मिळाला, पण शाळेत इंटरनेट नाही आणि फोनला रेंजही धड नसते. वेबवरची साधने आमच्यासाठी नाहीतच का? (एक शिक्षक, हिंगोली जिल्हा)

उत्तर : आहेत, आणि त्यांतील चांगली साधने फुकट आहेत. ‘किविक्स’ हे मोफत सॉफ्टवेअर एकदा घेतले, की संपूर्ण मराठी विकिपीडियाची फाइल पेनड्राइव्हवर आणून इंटरनेटशिवाय वाचता येते. कोलोरॅडो विद्यापीठाने तयार केलेले ‘फेट’चे विज्ञान-गणिताचे प्रयोग एकेक करून उतरवून घेता येतात आणि ते ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालतात, त्यांतील बरेच मराठीत आहेत. विद्युत मंडलाचा प्रयोग टीव्हीवर लावून एकेका मुलाला पुढे बोलवावे, तार जोडायला लावावी, दिवा का लागला नाही ते वर्गाला विचारावे, आणि मग टेबलावर खरा सेल, खरी तार आणि खरा बल्ब ठेवून तेच करून पाहावे. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोडमागचे ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक व्यासपीठावरील साहित्यही त्याच्या ॲपमध्ये आधी उतरवून ठेवता येते.

तालुक्याच्या गावी जाणे होईल, तेव्हा येत्या पंधरा दिवसांच्या पाठांपुरतेच उतरवून आणावे. पेनड्राइव्ह भरून आणला तर शोधण्यातच तासिका जाते. संगणक शाळेतील किमान दोन शिक्षकांना आणि सातवीतील चार-पाच मुलांना चालू-बंद करता यावेत, त्यांत मुली असाव्यात, आणि कपाटाची किल्ली बैठकीला गेलेल्या मुख्याध्यापकांच्या खिशात नसावी. वीज सकाळी असते की दुपारी, हे पाहून त्या आठवड्याचे वेळापत्रक बदलण्याची मोकळीक मुख्याध्यापकांकडून आधीच मागून घ्यावी.